एवढी जागा धरा

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५. आष्टा

आज दुपारी आष्ट्यात दाखल झालो आणि पहिल्याच पावलाला पांढरा झालो. खोली पिठाच्या गिरणीच्या माडीवर आहे. खाली ज्वारी दळायला पडली होती. जिना चढेपर्यंत अंगावर पीठ बसलं आणि चोपन्नाव्या वर्षी जे केस अजून काळे उरले होते त्यांचाही निकाल लागला. घरमालकीण चंद्राबाई गिरणी स्वतः चालवतात. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, आवं, पेपरवालं तुमीच व्हय? मला वाटलं कुनीतरी तरणाताठा येतोय. मी म्हटलं, तरणाताठाच निघाला होता, एसटीत म्हातारा झाला. त्या हसल्या आणि संध्याकाळच्या भाकरीत माझं नाव घातलं.

बदली मी मागून घेतली. वाईत पाच वर्षं काव्यशास्त्र घोटलेल्या माणसानं साताऱ्यात सत्तावीस वर्षं ऊसदर, गटारं आणि वार्षिक सर्वसाधारण सभा लिहिल्या. इथंही तेच लिहायचं आहे. पण इथून समीक्षा जवळ. समीक्षा म्हणजे माझी मुलगी. कुपवाडला एका कारखान्यात मालाची तपासणी करते, सांगलीत राहते आणि भेटली की माझीही तपासणी करते. तिचं नाव ठेवलं तेव्हा मला टीकाकार व्हायचं होतं. ते जमलं नाही, समीक्षा मात्र घरातच तयार झाली आणि चोवीस वर्षं मला उलट उत्तरं देते आहे. तिची आई गेल्यापासून आम्ही दोघंच. आता मध्ये फक्त वीस-बावीस किलोमीटर.

खिडकीतून समोर उसाचे ट्रॅक्टर दिसतात. हंगाम सुरू झालाय. हवेत गोडसर धूर आहे. मला हे गाव आवडणार.

बुधवार, १२ नोव्हेंबर

सांगली कार्यालयातून नानासोंचा फोन. नानासो आमचे पुरवणीप्रमुख. माणूस प्रेमळ, पण त्यांच्या प्रेमात नेहमी काहीतरी काम असतं. 'काजळमहाल' नावाचा हिंदी चित्रपट शुक्रवारी लागतो आहे. भयपट आहे, प्रेमपट आहे आणि म्हणे प्रत्येक दृश्य तैलचित्रासारखं आहे. शहरातल्या समीक्षकांचं सगळेच छापतात, आपण गावातल्या प्रेक्षकाचं छापू, असं त्यांच्या डोक्यात आलंय. सदराचं नाव 'प्रेक्षक म्हणतात'. लोकांना थिएटरात गाठायचं, विचारायचं, लिहायचं. वर म्हणाले, तुमचं संस्कृत इथं कामाला येईल. सत्तावीस वर्षांत हे वाक्य मला पहिल्यांदाच कुणी ऐकवलं. मी भारावून हो म्हणालो.

दुपारी मकरंद चित्रमंदिर बघून आलो. एकच पडदा, पत्र्याचं छप्पर, लाकडी खुर्च्या, आणि खुर्च्यांना नंबर नाहीत. तिकीट म्हणजे फक्त आत जायची परवानगी, बसायचं कुठं ते ज्याचं त्यानं बघायचं. त्यामुळे इथं एसटीचाच कायदा चालतो. खिडकीतून रुमाल टाकला की सीट आपली. टोपी, टॉवेल, पिशवी, काहीही चालतं, आणि माणूस पाय मोकळे करायला गेला तर त्याची जागा शेजाऱ्यानं राखायची. राज्यघटनेत नसलेली ही तरतूद आपल्या दोन्ही जिल्ह्यांत घटनेपेक्षा काटेकोर पाळली जाते. सख्ख्या भावाशी बांधावरून कोर्टात भांडणारा माणूसही परक्याच्या रुमालावर बसत नाही.

दारावर मानसिंग असतात. फौजेतून निवृत्त झालेत, मिशा अजून सेवेत आहेत. त्यांनी मला सगळं थिएटर फिरवून दाखवलं आणि निघताना सावधान उभे राहून एक गोष्ट सांगितली. साहेब, वळखीचं मानूस नसंल तर त्येची जागा धरायची न्हाई. हितं न्हाई. ऑर्डर समजा. मी विचारलं, का? म्हणाले, ऑर्डरला का नसतंय.

वाक्य फार आवडलं. सदरात वापरेन.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

बारा वाजताचा पहिला खेळ. हॉल पाऊण भरलेला.

कथा थोडक्यात: एक नवी नवरी डोंगरावरच्या महालात येते. महालाचा धनी देखणा, अबोल आणि मेलेला आहे. पहिली दोन विशेषणं पहिल्या दृश्यात कळतात, तिसरं मध्यंतराच्या जरा आधी. मेल्याचं कळल्यावर त्याचा अभिनय सुधारतो. हजारो मेणबत्त्या, मखमल, आरशांची दालनं, जिन्यावर गुलाबाच्या पाकळ्यांचा सडा. पाऊस पडतो तोसुद्धा शोभेपुरता. शास्त्राप्रमाणे शृंगार आणि भयानक हे एकमेकांचे वैरी रस. दिग्दर्शकानं दोघांना एकाच घरात ठेवलंय, आणि कबूल करतो, दोघे नांदतात.

आता प्रेक्षक. तानाजी नावाचा एकजण उसाचा ट्रॅक्टर बाहेर उभा करून आलेला. त्याचं मत, पिक्चर लय भारी, पन येवढ्या मेणबत्त्या रोज लावतंय कोन? आमाला ऊस तोडायला मानूस गावंना. पूजा कॉलेजात शिकते, डोळे टिपत होती. मी विचारलं, भुताच्या प्रेमात एवढं काय? ती म्हणाली, काका, भूत असला तरी तिचं बोलणं संपेपर्यंत गप बसतोय की. तिच्या मैत्रिणी खो-खो हसल्या. बनुबाई म्हणून एक आजी नातसुनेबरोबर आल्या होत्या. त्यांना एकच शंका: दार सताड उघडं हाय, मग बाई जात का न्हाई? मी म्हटलं, प्रेम असेल. आजी म्हणाल्या, कसलं प्रेम, शबूद दिला आसंल कुनाला तरी.

मागून तिसऱ्या रांगेत मधोमध एक बाई एकट्या बसलेल्या. साठीच्या असतील, अंगावर इरकली साडी, बोलण्यात कानडी हेल. नाव रंगुबाई, गाव जतकडचं. आजूबाजूच्या खुर्च्या रिकाम्या, पण त्यांच्या उजव्या हाताच्या खुर्चीवर चौकड्यांचा एक जुना टॉवेल घडी करून ठेवलेला. इथं कुणी आहे का, विचारलं. व्हय, धरलीया, म्हणाल्या. मी त्यांच्या डाव्या बाजूला बसलो. चित्रपट कसा वाटला? म्हणाल्या, म्या पिक्चर न्हाई बघत, भाऊ. पन आदीच्यापेक्षा बरा हाय. आदीच्यात लय मारामारी हुती. हे मी लगेच वहीत टिपलं. असा प्रामाणिक प्रेक्षक दुर्मीळ.

मध्यंतरात त्यांनी विचारलं, भाऊ, ही येवढी जागा धरता का? जरा पाय मोकळं करून येते. मी म्हटलं, धरतो की. त्यांनी पुन्हा विचारलं, नक्की? नक्की, म्हटलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मला हसू आलं, लग्नातसुद्धा इतकं विचारत नाहीत. मी म्हटलं, बाई, पत्रकार आहे, बसून राहणं हाच माझा धंदा, निर्धास्त जा. त्यांनी दोन्ही हात जोडले. मग अशा उठल्या, जसा बरेच महिने खाटेवर पडलेला माणूस उठतो. दारात थांबल्या, स्वतःच्या पायांकडे बघितलं, उन्हात एक पाऊल टाकलं, मग दुसरं.

मी त्यांच्या खुर्चीवर सरकून टॉवेलाशेजारी बसलो. त्या परत आल्या नाहीत. खेळ संपला, लोक गेले, तरी मी बसून. शब्द दिला होता ना. शेवटी मानसिंग आत आले. मला तिथं बघून त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि अगदी हळू विचारलं, साहेब, तुमी धरतो म्हनलासा का?

शनिवार, १५ नोव्हेंबर

सदराचा पहिला मजकूर गेला. नानासो खूश. ट्रॅक्टरवाल्याची मेणबत्ती त्यांना फार आवडली.

समीक्षाचा फोन आला. उद्या कारखान्यात जादा काम निघालंय, तेव्हा बाबा, तुम्हीच सांगलीला या. बरं म्हटलं.

आज खरं तर नगरपालिकेत जायचं होतं. साडेअकराला निघालो आणि बाराला मकरंदमध्ये होतो, टॉवेलाशेजारी. पाय आपोआप वळले. मनाशी म्हटलं, रंगुबाई आल्या तर त्यांना जागा सोपवावी, बरं दिसतं. मग तीनचा खेळही बघितला. आपल्याकडे आदर्श प्रेक्षकाला सहृदय म्हणतात, जो कलाकृतीत स्वतःला विसरतो. मी सहाच्या खेळालाही बसलेला होतो हे मला मधल्या एका गाण्यात लक्षात आलं. इतका सहृदय मी वाईतही नव्हतो.

भाकरी गार झाली म्हणून चंद्राबाई रागावल्या. मी तीनदा हाक मारली तेव्हा कुठं त्यांचं माझ्याकडे लक्ष गेलं.

रविवार, १६ नोव्हेंबर

जसं घडलं तसं लिहितो.

सकाळी साडेदहाची सांगलीची गाडी पकडली. खिडकीची जागा मिळाली. समीक्षासाठी चंद्राबाईंकडून शेंगदाण्याची चटणी घेतली होती, ती पुडी मांडीवर. तुंग गाव गेलं. पुढं रस्त्यात ऊसगाड्या, म्हणून एसटी थांबली. मी डोळे मिटले. झोप नाही, नुसते मिटले.

उघडले तेव्हा समोर मेणबत्त्या होत्या. नवरी जिना उतरत होती. उजवीकडे टॉवेल. मांडीवर चटणीची पुडी.

बाहेर पळालो, पुन्हा स्टँड, पुन्हा गाडी. या खेपेला डोळे मिटले नाहीत. मोठ्यानं मैलाचे दगड वाचत होतो, लोक बघत होते. वळणावर समोरच्या ट्रकचा आरसा उन्हात चमकला, पापणी लवली. तेवढ्यानं पुरलं.

समीक्षाला फोन लागत नाही. तिचे संदेश येतात: बाबा, कुठे पोचलात? जेवायला थांबलेय. माझा एकही जात नाही.

सोमवार, १७ नोव्हेंबर

दोन खेळांच्या मध्ये मानसिंगना गाठलं. बसून बोलले नाहीत, सावधानच उभे होते.

टॉवेल कुणाचा हे कुणालाच ठाऊक नाही. फार पूर्वी कुणीतरी ठेवून गेला आणि शेजारच्याला म्हणाला, एवढी जागा धरा. शेजारच्यानं धरली. तो अजून यायचा आहे. तोवर कुणीतरी धरायचीच. टॉवेल उचलून फेकला तर पुढच्या खेळाला तिथंच असतो. खुर्ची एकदा काढून जाळली, तर शेजारची खुर्ची त्या जागी आलेली, टॉवेलासकट. रंगुबाई नऊ वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नाला आल्या, हळदीच्या दिवशी वेळ जाईना म्हणून पिक्चरला बसल्या. घरच्यांनी विहिरी धुंडाळल्या. परवा शुक्रवारी, मी धरतो म्हटल्यावर, त्या जतच्या गाडीत बसल्या, हे मानसिंगनी स्वतः बघितलं. गाडी सुटेपर्यंत रडत होत्या म्हणे.

सुटायचं कसं? दुसऱ्या कुणीतरी आपल्या तोंडानं, राजीखुशीनं, धरतो म्हणायचं. बास. आणि जो सुटतो त्याला हे दार पुन्हा आत घेत नाही. रंगुबाईंच्या आधी एक मास्तर होते. त्यांना पुढं पश्चात्ताप झाला, बाईला सोडवायला रोज यायचे. उंबऱ्यावर पाय ठेवला की मागं फेकले जायचे. चार वर्षं उन्हात दारापुढं उभे राहिले. आता नाहीत.

मी म्हटलं, मानसिंग, मग तुम्ही धरता? त्यांनी कडक सलाम ठोकला. डोळ्यांत पाणी होतं. म्हणाले, म्या सरहद्दीवर हुबा ऱ्हायलोय साहेब, भ्यालो न्हाई. पर हितं न्हाई. घरी नातवंडं हायती.

आणि मी त्या माणसाचं वाक्य सदरात वापरणार होतो.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

अकराच्या सुमारास थोडा वेळ बाहेर होतो. खोलीवर गेलो. गिरणी चालू होती, पीठ उडत होतं, माझ्या अंगावर कण बसला नाही.

चंद्राबाई एका नव्या भाडेकरूला माझी खोली दाखवत होत्या. त्यानं खुंटीवरचा माझा सदरा बघून विचारलं. त्या म्हणाल्या, आवं, पेपरवालं हुतं. चार दिस ऱ्हायलं, मग लेकीकडं गेलं वाटतं. मानूस लय चांगलं, सारकं हसवायचं. मी त्यांच्यासमोर उभा राहून नाव घेऊन ओरडत होतो. त्यांनी पदरानं कान झाकला, वारा लागल्यासारखा.

थिएटरात मात्र सगळ्यांना दिसतो. तिकीटवाल्या बाई मान डोलावतात. कुणीतरी म्हणालं, काका, आज पण का?

वही आणि फोन जवळ आहेत. पडद्याच्या उजेडात लिहितो. मेणबत्त्यांची दृश्यं असली की अक्षर बरं येतं.

बुधवार, १९ नोव्हेंबर

हे लिहायला लाज वाटते, तरी लिहितो.

आज सकाळपासून लोकांना विचारलं. जागा धरता का हो? जरा पाय मोकळे करून येतो. रंगुबाईंचेच शब्द, त्यांचाच आवाज काढून. चौघांना विचारलं. चौघेही गावातले. एकजण उठून पुढच्या रांगेत गेला. एका बाईनं लेकराचा कान धरून त्याला माझ्यापासून लांब नेलं. चौघांपैकी कुणी हो म्हणालं नाही, हे माझं पुण्य नव्हे.

तीनला एक जोडपं शेजारी येऊन बसलं. कोरेगावकडचा शंभूराज, फौजी, सुट्टीवर आलेला. बायको शिवांजली, हातावरची मेंदी अजून लाल. त्याला काहीच ठाऊक नव्हतं. स्वतःच म्हणाला, काका, दमल्यासारखे दिसताय, पाणी पिऊन या की, आम्ही हाय हितं. आता फक्त विचारायचं होतं. तो धरतो म्हणालाच असता. पोरगं नाही म्हणायला शिकलेलंच नव्हतं.

शिवांजलीनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला होता. पडद्यावर भूत येत होतं.

मी विचारलं, चित्रपट कसा वाटला? तो म्हणाला, सजावट एक नंबर.

वहीत टिपलं.

गुरुवार, २० नोव्हेंबर

एक कळलं. माझ्याकडून बाहेर काही जात नाही—सदराचा मजकूर सोडून. तो जातो. चित्रपटाविषयी असलं की जातं.

म्हणून मजकुरातच लिहिलं. सरळ, साध्या मराठीत, एकही अलंकार न वापरता: मकरंदला येऊ नका. मी आठवडाभर इथं अडकलो आहे, बाहेर पडता येत नाही. बाहेर मी कुणाला दिसत नाही. इथं कुणाचीही जागा धरू नका. माझी माणसं हे वाचत असतील तर त्यांनी मुळीच येऊ नये. हात जोडतो.

गेला. गेल्याची खूण आली. देवा—

नवरीकडं बघत बसलो आज. कितव्यांदा, मोजत नाही. बनुबाईंचं बरोबर होतं. दार उघडंच असतं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

हाऊसफुल्ल.

पुढच्या रांगेत एकाच्या मांडीवर पेपर होता. मागितला. माझा मजकूर, चौकटीत. नानासोंनी मथळा दिलाय: 'येऊ नका!' खाली लहान अक्षरांत—आमच्या प्रतिनिधीची खास मिश्कील शैली.

लोक मोठ्यानं वाचत होते. हात जोडतो, इथं हशा. एकजण पाठीवर थाप मारून म्हणाला, मानलं गड्या तुमाला. लय हसलो.

सत्तावीस वर्षं एकही वाक्य सरळ लिहिलं नाही. पहिलं लिहिलं तर—

बाहेर रांग लागली आहे म्हणे. आष्ट्यात कधी नव्हती एवढी.

शनिवार, २२ नोव्हेंबर

तिचा संदेश. बाबा, सदर वाचलं, कारखान्यात सगळ्यांना वाचून दाखवलं. फोन का उचलत नाही? मागच्या रविवारी मी आले नाही म्हणून रागावलाय का? उद्या सुट्टी आहे. गाडीवरून येते. सरळ मकरंदलाच. तुम्ही तिथंच सापडाल.

येऊ नकोस, चाळीस वेळा पाठवलं. एकही गेला नाही.

तिच्या आईच्या शेवटच्या दुखण्यात दवाखान्यात एकाच माणसाला थांबू द्यायचे. मी खुर्चीवरून उठायच्या आत ही येऊन बसायची. तुम्ही जाऊन पडा बाबा, मी आहे. अकरा दिवस. मी एकदाही विचारलं नव्हतं.

तिला विचारावं लागत नाही. हीच भीती आहे.

मानसिंगना सांगितलंय. त्यांनी छाती पुढं काढली. म्हणाले, पोरीला आत सोडत न्हाई, जीव गेला तरी.

रविवार, २३ नोव्हेंबर

बाराचा खेळ. माणसं भिंतीला टेकून उभी. गर्दीमुळं बाजूचं दारही उघडलंय. तिथं मानसिंग नाहीत—

आली. बाजूच्या दारानं. निळा कुर्ता. हात हलवते आहे.

*

माझ्या डावीकडची खुर्ची एवढ्या गर्दीतही कुणी घेत नाही, तिथं बसली. म्हणाली, काय हे ध्यान बाबा, दाढी केव्हापासून केली नाही? टॉवेल उचलायला हात घातला तिनं. मी ओरडलो. दचकली.

खरं सांगितलं तर जाणार नाही. मला ठाऊक आहे. खरं सांगितलं तर लगेच म्हणेल—

खोटं बोललो. म्हटलं, एका बाईंची वाट बघतो आहे. त्यांची जागा धरलीय. रोज इथं भेटतो आम्ही. तू का आलीस? न विचारता? जा. मला तुझी अडचण होते. असं म्हटलं, अडचण. तिच्या जन्मात पहिल्यांदा.

ओठ घट्ट मिटले. उठली.

*

गेली. बाजूच्या दारातून गेली. उन्हात दिसली, मग नाही.

जमलं. समीक्षा, तू रागाव. आयुष्यभर रागाव. गाडी सुरू कर आणि जा. मला आता काहीही चालेल. आज खुर्ची टोचतसुद्धा नाही. शंभर वर्षं बसेन. दर शुक्रवारी नवा चित्रपट बघेन, सदर लिहीन—

मध्यंतर. दिवे लागले.

परत येते आहे.

हातात दोन चहा. रागावलेली नाही. डोळे रडलेले, पण हसते आहे. आईसारखी—

म्हणते, बाबा, मी वेडी आहे का चिडायला? इतक्या वर्षांनी कुणीतरी भेटलंय तुम्हाला. मला भेटायचंय त्यांना. लपवलंत कशाला?

नाही म्हणतोय. कुणी नाही अशी बाई. ती हसते. लाजू नका म्हणते.

असल्या अवतारात भेटणार? समोर सलून आहे, दाढी करून या म्हणते. तिचा हात घट्ट धरलाय मी. चहा सांडला. बोलू नकोस. समीक्षा, पुढचं बोलू नकोस. तोंडावर हात ठेवला तिच्या, लोक बघतायत, तिनं हळूच बाजूला केला—

म्हणाली.

मी उठलो नाही. हे लिहून ठेवतो, मी उठलो नाही. पाय उठलेत. ती सरकून माझ्या खुर्चीत बसली, टॉवेलाशेजारी, नीट, पाठ टेकून. लोकांनी वाट दिली. कुणी दिली, का दिली. मी खांबाला धरलं, बोटं सुटली—

मानसिंग धावत येतायत. उशीर—

तोंडावर ऊन. उंबरा मागं गेला. हाक मारतोय मी, सगळा रस्ता वळून बघतोय, आता सगळ्यांना ऐकू जातंय, तिलाही जातंय, ती आतून हात हलवते आणि म्हणते, सावकाश या बाबा, मी—